आधी उठायला शिका

महिलांचा खो-खोचा संघ मैदानात उतरवायचा तर ९ जणी लागतात, राखीव वेगळ्या. आमचं तहसील कार्यालय आणि त्याखालची मंडळं, सजे मिळून मोजल्या तर तेवढ्या बायका नोकरीला सहज आहेत. तरीही दरवर्षी महसूल क्रीडा स्पर्धांचं पत्र आलं की नावं भरताना एकेका टेबलावरून तेच उत्तर येतं, "मला नका धरू, मी कधी खेळलेच नाही." कॅरम, बुद्धिबळ, समूहगीत यांना नावं पटापट मिळतात. खो-खो, कबड्डी आणि थ्रोबॉलच्या रकान्यात मात्र नव्याने लागलेल्या तलाठी मुलींची नावं त्यांना न विचारता टाकली जातात, आणि तरी संघ पुरा होत नाही.

"कधी खेळलेच नाही" हे खरं नसतं. आमच्यातल्या बहुतेकजणी गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेल्या. सातवीपर्यंत लंगडी, खो-खो, लगोरी, विषामृत हे सगळं आम्ही मधल्या सुट्टीत अनवाणी खेळलो आहोत. आठवीत हायस्कूलला गेलो आणि खेळाचा तास मुलांचा झाला. मुलींना कुणी "खेळू नका" असं म्हटलं नाही. मुलं मैदानात आणि मुली वर्गात वह्या पूर्ण करत, एवढंच रोज घडत गेलं. मग दहावी, बारावी, डीएड किंवा पदवी, लग्न, स्पर्धा परीक्षा, नोकरी. मधल्या पंचवीस-तीस वर्षांत पळायचं कारण म्हणजे सुटणारी एसटी. इतका काळ लोटला की बाई स्वतःच्या बालपणाचा तेवढा भाग हिशेबातूनच काढून टाकते. मलाही नाव विचारलं तेव्हा माझ्या तोंडून आधी तेच वाक्य निघालं होतं.

मी अव्वल कारकून आहे. संजय गांधी निराधार योजनेचं टेबल सांभाळते. सकाळी दहापासून म्हाताऱ्या बायका, परित्यक्ता, अपंग माणसं, त्यांच्याबरोबर आलेली नातवंडं टेबलापुढे उभी असतात आणि मी बसलेली असते. हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं खातं, बंद पडलेलं अनुदान. ऊठ-बस होते ती रेकॉर्ड रूमपर्यंत. संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा ओट्यापाशी. दिवसभर दमते मी, यात शंका नाही. पण दमणं वेगळं आणि शरीर चालतं ठेवणं वेगळं, हे मला फार उशिरा उमगलं. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाप्रमाणे २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हत्या. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होतं. घरचं सगळं आवरून नोकरीला येणाऱ्या बाईला हा आकडा वाचून आधी राग येतो, मलाही आला. पण दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीला जिना चढून गेले की बोलायला तोंड उघडण्याआधी मला थांबावं लागत होतं, आणि तो पुरावा माझ्याजवळच होता.

चालायला जायचं मी अनेकदा ठरवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बहिणीने घड्याळ आणून दिलं होतं. चालणं सुटायचं, कारण मी गेले नाही तर कुणाचं काही अडत नव्हतं. नायब तहसीलदार मॅडम नावांचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, आठच होतायत हो." तेवढंच. मी हो म्हटलं. आपण नसलो तर आठ उरतात आणि आठांचा संघ होत नाही, ही गोष्ट माझ्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याहून जड ठरली. प्रौढ वयात शरीराकडे वळणाऱ्या माणसाला एकट्याने करायच्या व्यायामापेक्षा सांघिक खेळ का धरून ठेवतो, याचं खरं उत्तर मला वाटतं इथेच आहे. जिद्द प्रत्येकाकडे सारखी नसते. पण आपली वाट पाहणारं कुणी असलं की जिद्दीशिवायही माणूस सकाळी सहाला घराबाहेर पडतो.

शिकवायला बाहेरून कुणी आणायची गरज नव्हती. आमच्या एका सजाची तलाठी मुलगी खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणातून नोकरीला लागलेली. शाळेपासून राज्य पातळीवर खो-खो खेळलेली, वयाने माझ्या भाचीएवढी. कार्यालयात ती मला "मॅडम" म्हणते आणि फेरफाराच्या नोंदी घेऊन अदबीने उभी राहते. मैदानावर पहिल्याच सकाळी तिने आम्हा सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि विचारलं, "गुडघा कुणाचा दुखतो? बीपी कुणाला आहे? बाळंतपणाला वर्ष झालं नाही असं कुणी आहे का?" एकेकीचं ऐकून वहीत लिहून घेतलं. ज्यांना काही त्रास होता त्यांना डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं, मलाही. मग म्हणाली, "आज पळायचं नाही. या आठवड्यातच पळायचं नाही. आधी उठायला शिका."

खो-खोत बसायचं असतं, ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्याला पळणाऱ्या मुली दिसतात. पण पाठलाग करणाऱ्या संघातल्या ९ जणींपैकी ८ जणी कायम मधल्या पाटीवरच्या चौकोनांत बसलेल्या असतात, एक इकडे तोंड करून, पुढची तिकडे तोंड करून. पळत असते ती एकटी. चौकोन ३० सेंटीमीटर लांब-रुंद. त्यात कसं बसायचं हे शिकण्यात आमचा पहिला टप्पा गेला. एक पाय पुढे, दुसरा किंचित मागे, टाचा उचललेल्या, वजन चवड्यांवर, दोन्ही हातांची बोटं समोर मुरमाला टेकलेली, मान वर. पाठीवर थाप पडून "खो" ऐकू आला की मागच्या पायाने जमीन ढकलायची. सरळ उभं राहून मग पळायला लागायचं नाही. वाकलेल्या अंगानेच पहिली दोन-तीन पावलं टाकायची, अंग आपोआप वर येतं. आम्ही सगळ्याजणी आधी हात गुडघ्यावर ठेवून, अंग सावरत, उभ्या राहून मग निघत होतो. तेवढ्या वेळात पळणारी दोन चौकोन पुढे गेलेली असते.

तलाठी मुलगी प्रत्येकीच्या मागे येऊन बसायची आणि पाठीवर थाप देऊन उठवायची. पुन्हा बसा, पुन्हा उठा. हाताची बोटं मुरमात रुतून नखांत लाल माती भरायची. मांड्या थरथरायला लागल्या की ती थांबवायची आणि सांगायची, "आता ऑफिसात एक करा. खुर्चीवरून उठताना खुर्चीचे हात धरायचे नाहीत. टेबलावर तळवा टेकवायचा नाही." हे मी सुरू केलं. रेकॉर्ड रूमला जायचं, साहेबांनी बोलावलं, दुपारचा डबा, प्रत्येक वेळी हात न टेकवता उठायचं. सुरुवातीला अर्ध्यातून परत बसावं लागे. पावसाळा संपता संपता माझ्या लक्षात आलं की मी दोन्ही हातांत फायलींचा गठ्ठा धरून उठते आहे आणि त्याचा विचारही केलेला नाही. माझ्या शरीरात झालेला पहिला बदल हा होता. वजनकाट्यावर त्या वेळी काहीही हललेलं नव्हतं.

दुखण्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण त्या भीतीने बायका पहिल्याच आठवड्यात सोडतात. मांड्या-पोटऱ्या त्याच दिवशी दुखत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतात. न वापरलेल्या स्नायूंवर भार पडला की साधारण २४ ते ७२ तासांत ते दुखणं सगळ्यात जास्त असतं आणि मग उतरतं. कार्यालयाच्या पायऱ्या चढताना तितकं नाही, उतरताना जास्त कळतं. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर बाई समजते, आपलं काहीतरी मोडलं. आमच्या तलाठी मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं आणि त्या दिवसांत सुट्टी देण्याऐवजी हळू चालायला, पाय मोकळे करायला मैदानावर बोलावलं होतं. मात्र सांध्यात एका जागी टोचणारं, सूज आणणारं दुखणं निराळं, ते लपवायचं नाही, असंही तिने बजावलं होतं. आमच्या लेखा शाखेतल्या एकीच्या गुडघ्याला तसं झालं. तिने खेळणं थांबवलं, पण सोडून गेली नाही. ती गुणलेखक झाली, घड्याळ आणि वही घेऊन रोज येत राहिली. तिच्याइतके नियम आज आमच्यापैकी कुणालाच पाठ नाहीत.

कपड्यांचा प्रश्न शरीराच्या प्रश्नाहून मोठा होता. मैदान रस्त्याला लागून. सकाळी दूधवाले, क्लासला जाणारी मुलं, फिरायला निघालेले निवृत्त गुरुजी. ज्यांच्या पुढे रोज साडी नेसून दाखले देतो त्यांच्या पुढे ट्रॅक पँट आणि टी-शर्टमध्ये पळायचं कसं? दोघीतिघी पहिल्यांदा पंजाबी ड्रेसवर ओढणी घट्ट बांधून आल्या. शिपाई मावशी तर नऊवारीचा काष्टा मारून आल्या आणि आमच्यात सगळ्यात मोकळ्या त्याच हलत होत्या. मुलीने कुणालाही टोकलं नाही. फक्त ओढणी काढून ठेवायला लावली, ती गळ्याला आवळू शकते म्हणून, आणि बुटांबद्दल हट्ट धरला. मुरमावर गुळगुळीत तळव्याचे बूट सरकतात. आठवडी बाजारातून साधे कॅनव्हासचे, खाचा असलेल्या तळव्याचे बूट आणले. लोक पाहायचे, हे खरं. काही दिवस पाहिलं, मग पाहणं थांबलं. आता त्या गुरुजींपैकी एकजण फक्की मारून द्यायला मदत करतात. दोरी ताणून मधली पाटी आणि आडव्या पाट्या त्यांच्याइतक्या सरळ कुणी आखत नाही.

घरी मात्र सहजासहजी जमलं नाही. सकाळी सहा ते सात ही वेळ घरात बाईची नसते, पाण्याची आणि डब्यांची असते. आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवशी मी जाऊ शकत नव्हते. मग नवऱ्याने पाणी भरायचं ठरलं, थोरल्या मुलीने कणीक मळून ठेवायचं. हे ठरायला भांडण झालं आणि ते झालं हे बरंच झालं. जिच्या घरी हे ठरू शकलं नाही ती आमच्यातून गळली. ती आळशी होती म्हणून गळली असं कुणी म्हटलं तर मला सहन होत नाही.

उठायला आलं आणि मग खरा खेळ सुरू झाला. इथे मला जे कळलं ते सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं. मला वाटत होतं की पळता येत नाही त्या माणसाची खो-खोत अडचणच होणार. आमच्या तलाठी मुलीने फक्कीच्या रेषांवर उभं राहून समजावलं. दोन आडव्या पाट्यांमधलं अंतर दोन-सव्वादोन मीटर. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांबापलीकडच्या मोकळ्या क्षेत्रात पोचेपर्यंत उलटं फिरता येत नाही. पळणारीला मात्र दोन्ही मुभा आहेत. ती बसलेल्यांच्या मधून इकडून तिकडे जाते, हुलकावणी देऊन मागे फिरते. तेव्हा एकटीने तिच्यामागे जोरात पळून उपयोग नाही, कितीही वेगवान असलात तरी. ती पलीकडे गेली की त्या बाजूला तोंड करून बसलेलीला मागून थाप द्यायची, खो म्हणायचा आणि तिच्या जागी आपण बसायचं. खो उशिरा दिला तर नवी उठते तोवर पळणारी निघून गेलेली. वेळेत दिला तर नवी उठते ती थेट तिच्या पुढ्यात. "आपला वेळ पळण्यात जात नाही, ताई," ती म्हणाली. मैदानावर ती मला ताई म्हणायला लागली होती. "खो द्यायला आणि उठायला जातो. दोन पावलं पळा आणि द्या. चार पावलं पळायची हौस नको."

दोन पावलं मला पळता येत होती. दोन पावलं आमच्या प्रत्येकीला पळता येत होती. एकीच्या दमातून जे होणार नाही ते नऊजणींनी दोन-दोन पावलांत वाटून घ्यायचं, ही या खेळाची घडण आहे. आणि म्हणूनच प्रौढ नवशिक्यांसाठी याच्याइतका योग्य खेळ मला दुसरा दिसत नाही. क्रिकेटमध्ये नवखा माणूस सीमारेषेवर उभा केला जातो आणि चेंडू त्याच्याकडे येऊ नये अशी सगळे प्रार्थना करतात. खो-खोत संथ बाईलाही मधल्या पाटीवर, खेळाच्या ऐन मध्यावर बसवावंच लागतं, आणि तिच्याकडे खो यावाच लागतो. अट एकच, बसलेल्या वेळी डोळे पळणारीवरून हलता कामा नयेत. बसणं म्हणजे विसावा नव्हे. कुठल्याही क्षणी मागून थाप येईल, आणि ती येण्याआधी उठलं तर फाऊल.

आमचे सगळ्यात जास्त फाऊल एका निराळ्याच कारणाने होत. शिपाई मावशींना नायब तहसीलदार मॅडमच्या पाठीवर थाप मारता येईना. त्या जवळ जाऊन थांबायच्या, बोटांची टोकं टेकवायच्या आणि म्हणायच्या, "खो मॅडम." नियमात स्पर्श आणि खो एकाच वेळी हवा, आणि खो ऐकू जाईल इतका मोठा. मावशींचा स्पर्श आधी, आवाज नंतर, तोही पदर तोंडाशी धरल्यासारखा. मुलगी शिट्टी वाजवायची, पुन्हा करायला लावायची. शेवटी मॅडम चौकोनातूनच मान न वळवता म्हणाल्या, "मावशी, मला थाप कळली नाही तर मी उठू कशी?" त्यानंतर मावशींची जी थाप पडली ती पलीकडच्या झाडाखाली बसलेल्यांना ऐकू गेली. वीस वर्षं चहा आणि फायली नेऊन देणारी बाई अधिकाऱ्याला पाठीवर थाप मारून उठवते आणि अधिकारी त्याच क्षणी उठून पळते, हे मी आमच्या कार्यालयात दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. दहा वाजता पुन्हा सगळे आपापल्या पदावर असतात. मावशी चहा आणतात, मॅडम सह्या करतात. पण आता मावशींना रजा हवी असेल तर त्या मधल्या कारकुनाला गाठत नाहीत, दार ढकलून आत जातात.

पळणारीच्या बाजूने खेळणं मला अजूनही जड जातं. नियमाप्रमाणे मोठ्यांचा डाव ९ मिनिटांचा असतो आणि पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीने आत येतात. मला शेवटच्या तुकडीत ठेवतात. पहिल्यांदा आत गेले तेव्हा दम कोंडला तो पळण्याने कमी आणि घाबरून श्वास धरून ठेवल्याने जास्त. मुलीने सांगितलं, पाठलाग करणारीच्या पायांकडे बघू नका, खांद्याकडे बघा. तिला खांदा वळवल्याशिवाय दिशा धरता येत नाही आणि वळवला की परत फिरता येत नाही. खांदा वळेपर्यंत जागेवर थांबायचं, वळला की उलटीकडे दोन पावलं. थांबायचं धैर्य यायला मला पळायच्या ताकदीपेक्षा जास्त काळ लागला. पण आता कधीकधी जमतं. अंगावर धावून येणारी चौकोनाजवळून पुढे निघून जाते आणि मी तिथेच असते, बाद न होता. असा आनंद मला नोकरीत बढतीच्या आदेशानेही झाला नव्हता.

मध्ये सप्टेंबरात अतिवृष्टी झाली. सगळे तलाठी, मंडळ अधिकारी बांधावर, पंचनामे, रात्री उशिरापर्यंत याद्या. मैदानात पाणी, कार्यालयात माणसं. सराव पूर्ण बंद पडला. तेव्हा वाटलं, झालं, मोडलं. पण पाणी ओसरल्यावर एका रविवारी मावशींनीच सगळ्यांना फोन केले.

स्पर्धेची गोष्ट थोडक्यात. जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवस, आठ तालुक्यांचे संघ, ऊन आणि धूळ. पहिला सामना आम्ही जिंकलो, पुढच्यात हरलो. हरवणाऱ्या संघात तिघी जुन्या खेळाडू होत्या आणि त्या आमच्यापेक्षा कितीतरी चांगल्या खेळल्या. जिंकलेल्या सामन्यात एक गडी माझ्या हातून बाद झाला. मी खांबापासून तिसऱ्या चौकोनात बसले होते. समोरची पळणारी चपळ होती, पण ती मॅडमकडे बघत बघत आमच्या बाजूला येत होती. मॅडमनी आणखी एकही पाऊल न घेता मला खो दिला. मी हात न टेकवता उठले, दुसऱ्या पावलाला तिच्या कोपराला माझी बोटं लागली. पंचांची शिट्टी वाजली. तिचं वय माझ्या निम्मं असेल. मी तिच्याहून वेगवान नव्हते आणि त्याची गरजही नव्हती.

हा खेळ आपला आहे हे आपण नेहमी सांगतो. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याला नियमांत बसवलं, आणि आमचा धाराशिव जिल्हा तर मुलींच्या खो-खोसाठी ओळखला जातो. इथल्याच सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. तो सामना आम्ही सरावानंतर कट्ट्यावर बसून मोबाइलवर पुन्हा पाहिला आणि आमची तलाठी मुलगी प्रत्येक खो थांबवून दाखवत होती. या मुलींचा मला अतोनात अभिमान आहे. पण याच जिल्ह्यात, याच मैदानांवर, खेळाडू नसलेली पस्तीस-चाळिशीची बाई सकाळी दिसत नाही. सातवीपर्यंत मैदान मुलींचं, पुढे फक्त निवडलेल्या खेळाडूंचं, उरलेल्यांना मैदानाकडे जायचं कारणच ठेवलेलं नाही. आपण खेळाडू घडवले, खेळणारी माणसं घडवली नाहीत. यात बदल करणं कार्यालयांच्या हातात आहे, कारण गावोगावच्या नोकरदार बायका एकत्र सापडतात त्या तिथेच.

म्हणून कार्यालयप्रमुखांना माझी विनंती आहे. स्पर्धेचं पत्र आल्यावर दहा दिवसांत संघ गोळा करू नका. अशा घाईत न खेळलेल्या माणसाला मैदानात लोटलं की स्नायू ताणले जातात, घोटे मुरगळतात आणि ती बाई पुढच्या वर्षी नाव देत नाही. जूनमध्ये सुरुवात करा. आपल्याकडे खेळाडू आरक्षणातून लागलेला एखादा मुलगा, एखादी मुलगी नक्की असेल. त्यांना आठवड्यातले तीन दिवस सकाळी शिकवायला सांगा आणि त्या दिवशी तासभर उशिरा येण्याची मुभा द्या. मैदानाजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह उघडं ठेवा. त्याची किल्ली शिपायाच्या घरी असते, ती सकाळी सहाला तिथे हवी. संघाच्या यादीत निदान तीन जागा कधीच न खेळलेल्यांसाठी राखा. हरलात तर हरलात.

आणि जी बाई हे वाचून म्हणेल की मी कधी खेळले नाही, तिने शाळेतली मधली सुट्टी एकदा आठवून पाहावी, डॉक्टरांना विचारावं आणि येत्या पत्रावर आपलं नाव स्वतःच्या हाताने लिहावं.